अनसूयाबाईंचं खारं झाड

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत अनसूयाबाई लांजेवारांना तोंडावर सगळे भाभी म्हणत आणि पाठीमागे 'खारेपानीवाली'. त्यांना दोन्ही माहीत होतं. "खाऱ्या पाण्याचीच हाय मी," त्या म्हणायच्या, "खोटं काय बोलतात?"

त्या अलिबागेकडच्या. खाडीच्या काठी मिठागरं होती, वडील तिथे राबत आणि लहानपणी अनसूयाबाईंनीही डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. बुटक्या होत्या, पण पावलं पुरुषासारखी रुंद. चिखलात चालून तशी झाली, असं त्या सांगायच्या. दिवाकरराव लांजेवारांचं घराणं मूळ भंडाऱ्याकडचं, दोन पिढ्यांपासून जबलपुरात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इथल्या फॅक्टरीने त्यांना वर्षभरासाठी खडकीला पाठवलं. तिथे शेजारच्या मशीनवर अनसूयाबाईंचे थोरले भाऊ होते. वर्ष संपल्यावर दिवाकरराव एक ट्रंक आणि एक बायको घेऊन परतले. त्यांच्या आईने दारातच विचारलं होतं, "तुले कामाले पाठोलं होतं का पोरगी पाहाले?"

लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासरच्यांनी त्यांना नर्मदा दाखवायला तिलवाऱ्याला नेलं. बाकीच्यांनी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. अनसूयाबाईंनी ते चाखलं आणि चकित होऊन म्हणाल्या, "एवढं पाणी आणि गोडं?" हा किस्सा पुढे पंचवीस वर्षं घरात सांगितला जात होता. त्या स्वतःच तो सर्वांत चांगला सांगायच्या.

जबलपूर त्यांनी आपलं म्हटलं. हिंदी शिकल्या, भाजीवाल्याशी भांडण्याइतकी. मराठीत 'काहून' आलं, 'करून राहिली' आलं, पण माहेरचं 'मना' आणि 'नाय' गेलं नाही. समुद्राची आठवण येते का म्हणून कुणी विचारलं तर खांदे उडवायच्या. आठवण यायची ती एकाच गोष्टीची, मोरसेची. खाडीच्या काठी खाऱ्या चिखलात उगवणारी ती भाजी. तिची पानं बारीक, शेवयांच्या तुकड्यांसारखी, पण रसाने भरलेली. उकळून पाणी काढून टाकायचं, मग डाळ घालून परतायची. मीठ घालायचं नाही, कारण ते तिच्या पानातच असतं. "मीठ न घालता खारट भाजी, असं तुमच्या नर्मदेत काय हाय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. घरच्यांनी तो इतक्यांदा ऐकला होता की त्यांचा मुलगा श्रीरंग लहानपणी जेवताना भाजी अळणी लागली की ओरडायचा, "आई, यात तुझी मोरस घाल!"

श्रीरंग माझ्याच हाताखाली शिकला. तिसरीत होता तेव्हा 'समुद्र' या विषयावर त्याने सहा ओळी लिहिल्या होत्या, त्यांतल्या चार या भाजीवर. हसरा मुलगा, हाताने काम करायला पुढे, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर. एकोणिसाव्या वर्षी फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. ट्रकचं वेड त्याला घरातूनच मिळालं होतं. दिवाकरराव फॅक्टरीत फौजी ट्रकांच्या जोडणीवर होते. तयार झालेले सांगाडे रस्त्यावर चाचणीला निघत, वर नुसतं इंजिन, चाकं आणि लाकडी खोक्यावर डोळ्यांना चष्मा लावून बसलेला ड्रायव्हर. ती रांग गेली की लाइनीतली सगळी मुलं फाटकाशी धावत. श्रीरंग भरती झाल्यावर दिवाकरराव म्हणाले, "आता माह्या हातची गाडी माहा पोरगा चालवील." एवढं लांब वाक्य ते सहसा बोलत नसत.

अनसूयाबाईंना वाचता येत नव्हतं. दिवाकररावांना येत होतं ते फॅक्टरीपुरतं, मापं, आकडे आणि सहीपुरतं. त्यामुळे लांजेवारांची पत्रं माझ्याकडे येत. लाइनीतल्या सात-आठ घरांची येत. ज्यांचे नवरे शिकलेले होते त्याही बायका माझ्याकडेच यायच्या. कारण नवऱ्याला सांगितलं की तो 'येथे सर्व कुशल' लिहून मोकळा होतो आणि ते त्याचं पत्र होतं. माझा नियम असा की बाई बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, मग ते लांब असो की वेडंवाकडं. शाळेतून आल्यावर, संध्याकाळच्या पाळीचा भोंगा होण्याआधी, माझ्या ओट्यावर हे काम चालायचं. लिहून झालं की मी पूर्ण वाचून दाखवायची. अनसूयाबाई डोळे मिटून ऐकत. वाचन संपलं की दरवेळी विचारत, "सगळं वाचलंत?" मी म्हणायची, "सगळं." मग त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर श्रीरंगचं पाकीट आलं. तो तेव्हा कच्छच्या रणाकडे होता, म्हणजे नेमका कुठे ते लिहायला त्यांना बंदी होती, पण 'जिकडे पाहावे तिकडे मिठ' एवढं त्याने लिहिलंच होतं, मीठ ऱ्हस्व. पाकिटातून एक वाळलेली डहाळी पडली. तिची पानं चपटी, राखाडी, पिठात लोळवल्यासारखी, आणि टोकाला बियांचे लहान घोस. पत्रात लिहिलं होतं: 'आई, मला सापडली. मी खाऊन पाहिली. एकदम खारी. हीच ना तुझी मोरस? जरूर लिही. बाबांना सांग माझ्या गाडीवर जबलपूरचा ठप्पा आहे, मस्त चालते.'

अनसूयाबाईंनी डहाळी उचलली, उजेडात धरली, एक पान तोडून जिभेवर ठेवलं. पंचवीस वर्षांनी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी दुसरीकडे बघितलं.

"खारी हाय," त्या म्हणाल्या. मग आणखी एक पान चघळून, "पण ही ती नव्हे."

पाळीवर निघालेले दिवाकरराव सायकल धरून उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं. "हे तं आपल्या बथुव्यावानी दिसते." बथुवा म्हणजे इकडची चाकवताची भाजी.

"बथुव्याची बहीण असेल. समुद्राकडे दिलेली," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तुह्यावानीच," म्हणून दिवाकरराव सायकलवर बसले, आणि आम्ही दोघी हसलो.

मग मी कागद घेतला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "लिहा. चिरंजीव श्रीरंगास आईचा आशीर्वाद. तू पाठवलीस ती हीच."

मी पेन थांबवलं. "अहो, आत्ताच तर म्हणालात ही ती नव्हे."

"नव्हेच. पण एवढ्या हौसेनं धाडलीय पोरानं. त्याला बरं वाटेल."

"आणि सुट्टीवर येताना गोणी भरून घेऊन आला म्हणजे?"

"आला तर येऊ दे. शिजवीन मी."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी मास्तरीण. चुकीच्या उत्तरापुढे बरोबरची खूण करणं मला कधी जमलं नाही. शिवाय हा माझा विद्यार्थी होता. त्याने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं, असं मला मनापासून वाटलं. मी म्हटलं, "अनसूयाबाई, तो खरं विचारतोय. मुलाला खरं सांगावं."

त्यांनी डहाळी मांडीवर ठेवली. "बरं," म्हणाल्या, "लिहा खरं. तुम्ही शिकलेल्या."

तेवढ्याने माझं भागलं नाही. नुसतं 'ही ती नव्हे' लिहिणं मला अपुरं वाटलं. मी विचारलं, "मोरस कशी असते, कुठे उगवते तेही सांगा की. म्हणजे त्याला ओळखता येईल."

मग त्या बोलत गेल्या आणि मी लिहीत गेले. पान कसं, देठ कसा, कोवळी असताना हिरवी आणि जून झाली की तांबूस कशी होते. 'पाणी येतं आणि ओसरतं, चिखल वाळून भेगा पडतात, त्याच्या कडेला बघ. रस्त्यावर नाय मिळायची. वाट सोडून पाण्याकडे जायला लागतं.' ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी ते तसंच, एका शब्दाचा फरक न करता उतरवलं.

मी पूर्ण वाचून दाखवलं. "सगळं वाचलंत?" "सगळं."

डहाळीवरच्या बिया अनसूयाबाईंनी जपून चुरगाळल्या आणि तेलाच्या कापलेल्या डब्यात पेरल्या. माती साधीच, पण त्यांनी तिच्यात मूठभर खडेमीठ मिसळलं आणि पाण्यातही मीठ विरघळवून घालू लागल्या. लाइनीतल्या बायकांना भारी करमणूक झाली. "भाभी, झाड लगा रही हो कि अचार डाल रही हो?" अनसूयाबाई शांतपणे सांगत, "मायके का है. मीठा पानी इसको नहीं चलता."

पत्र टाकून पंधरा दिवस झाले नसतील तोच लढाई सुरू झाली. फॅक्टरीचा भोंगा अवेळी वाजू लागला, पाळ्या बारा तासांच्या झाल्या, खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले. दिवाकरराव घरी येत ते जेवायला आणि पडायला. रस्त्यावरून ट्रकांची रांग जाई तेव्हा आता मुलं फाटकाशी धावत नसत, मोठी माणसं उभी राहत. अनसूयाबाई रोज सकाळी डब्याजवळ बसायच्या. लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कोंब वर आले.

चौदा दिवसांत सगळं संपलं. लाइनीत जिलेबी वाटली गेली. जानेवारीत श्रीरंगचं पत्र आलं, तो सुखरूप होता. मी ते ओट्यावर मोठ्याने वाचलं, चार बायका ऐकायला होत्या. 'आई, तुझे पत्र लढाईमुळे आता मिळाले. बाईंचे अक्षर पाहून मला वाटले पेपर तपासून परत आला. फेल झालो! आता बरोबर शोधतो. आम्ही जिथे आहोत तिथे पाणी आहे आणि ओसरते पण आहे. मिळाली की पाठवतो. मार्चमध्ये सुट्टी आहे.' सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या पत्रात नऊ चुका होत्या, त्याही मी सांगितल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी मी शाळेत जायला निघत होते. अनसूयाबाई ओट्याच्या पायरीशी आल्या. भांडी घासता घासता उठून आल्या होत्या, हात धुऊन पदराला पुसत होत्या. "बाई, तार आलीय. सुट्टी लवकर मिळाली वाटतं," म्हणाल्या आणि ती न उघडलेली तार त्यांनी माझ्यापुढे धरली.

तार इंग्रजीत होती, दोन ओळींची. त्या दोन ओळी मला मराठीत कशा सांगितल्या ते आठवत नाही. त्यांचे हात मी धरले होते आणि ते ओले होते, एवढं आठवतं. त्यांनी विचारलं, "पण लढाई तर संपली ना?" आणि मग परत तेच. दुपारपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच विचारत होत्या, आणि प्रत्येक जण सांगत होता, हो, भाभी, संपली.

सुरुंग, असं नंतर आलेल्या सरकारी कागदावर होतं. दोन जवान अस्थी आणि त्याची काळी पेटी घेऊन आले. त्यांनाही जास्त माहीत नव्हतं, ते दुसऱ्या तुकडीचे होते. अस्थी तिलवाऱ्याला सोडल्या. लग्न होऊन नागपूरला गेलेली थोरली मुलगी विनता येऊन तेराव्यापर्यंत राहिली. दिवाकरराव चौदाव्या दिवशी कामावर गेले. साहेबाने सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणाले, "घरी बसून काय करू, साहेब? गाड्या थांबून राहिल्या का?" पण त्यानंतर चाचणीची रांग रस्त्यावरून निघाली की ते घरात जाऊन दार ओढून घेत.

एप्रिलमध्ये आणखी एक पत्र आलं. जोधपूरच्या मिलिटरी हॉस्पिटलातून, शैलेंद्र नावाच्या जवानाचं. तो त्या दिवशी श्रीरंगच्या गाडीत होता आणि त्याच स्फोटात त्याचा पाय गेला होता. पत्र हिंदीत, 'पूज्य माताजी' अशी सुरुवात. अनसूयाबाई नेहमीप्रमाणे माझ्या ओट्यावर डोळे मिटून बसल्या आणि मी वाचू लागले.

मोठ्याने वाचताना शिक्षकाची नजर एक ओळ पुढे धावते. वर्गावर लक्ष ठेवता यावं म्हणून ती सवय लागते. त्या सवयीने ते वाक्य मला आधी दिसलं:

'उस दिन श्रीरंग सड़क छोड़कर पानी की तरफ़ उतरा था। मैंने रोका तो हँसकर बोला, माँ ने ठिकाना लिख भेजा है, बस दो मिनट।'

मी ते गाळलं. त्याच्या पुढच्या वाक्यावर उडी मारली, जिथे श्रीरंग सगळ्यांना किती आवडायचा ते होतं. पत्र संपलं. अनसूयाबाईंनी डोळे उघडले.

"सगळं वाचलंत?"

"सगळं," मी म्हटलं.

त्यांनी पत्र घेतलं आणि श्रीरंगच्या पेटीत नेऊन ठेवलं. ते माझ्याकडे राहू द्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण कोणत्या कारणाने म्हणणार?

त्या दिवसापासून ते पत्र माझ्या घरापासून दोन भिंतींपलीकडे होतं. वाचता येणारं कुणी लांजेवारांकडे आलं की मला धास्ती वाटे. बापू पोस्टमन पाणी प्यायला थांबला तरी मी खिडकीत यायची. दिवाळीला विनता आली, चार दिवस राहिली, गेली. मी चारही दिवस कामाशिवाय बाहेर पडले नाही. विनता निघताना पाया पडायला आली, नेहमीसारखीच बोलली. अनसूयाबाईही नेहमीसारख्याच होत्या. चटणी केली की वाटी येत होती, मी भाजी घेतली की त्यांच्यासाठी घेत होते. मी सुटले, असं मला वाटलं. असं वाटल्याची लाज आजही वाटते.

त्या दोन कोंबांतला एक जगला होता आणि वर्षभरात त्याचं गुडघ्याएवढं झुडूप झालं होतं, राखाडी, दिसायला अगदी साधं. लाइनीतले सगळे येता-जाता त्याचं पान तोडून चाखत, मीही चाखायची. जिभेवर ठेवलं की घामेजलेला हात चाटल्यासारखं लागायचं. शैलेंद्रच्या त्या पत्रानंतर मात्र मी त्याला हात लावला नव्हता.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात एकदा मी त्यांच्या अंगणात बसले होते. त्या आत चहा ठेवत होत्या. बोटांना चाळा म्हणून मी एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. ते अळणी होतं. दुसरं चाखलं. तेही तसंच. नुसता पाला.

त्या कप घेऊन बाहेर आल्या. मी विचारलं, "मीठ घालत नाही का हल्ली?"

"नाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. विनता येऊन गेली तेव्हापासून."

कप माझ्या हातात तसाच होता. त्यांनी तो हातातून घेऊन खाली ठेवला आणि समोर बसल्या.

"बाई, मना वाचता येत नाय. ऐकता येतं. ते पत्र वाचताना एके जागी तुमचा आवाज पायरी चुकल्यासारखा झाला. मी तेव्हाच समजले, इथं काहीतरी हाय. विनता आली तेव्हा तिच्याकडून वाचून घेतलं."

"मग मला काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही लपवलंत ते माझ्यासाठी का तुमच्यासाठी, ते मना कळेना. कळल्यावर बोलणार होते."

"कळलं?"

"नाय अजून."

मी म्हटलं, "मलाही सांगता येत नाही." ते खरं होतं. मग म्हटलं, "तुम्ही 'हीच ती' लिहा म्हणाला होतात. मी लिहिलं नाही."

"हां," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. अशा वेळी माणसं जे म्हणतात ते त्या म्हणतील, 'तुमचा काय दोष, नशीब त्याचं,' असं काहीतरी. त्या म्हणाल्या नाहीत. त्या झुडपाकडे पाहत होत्या.

"तो मार्चमधे येऊन चाखणार होता," त्या म्हणाल्या. "आता खारं ठेवून कुणाला देऊ? आणि मारून टाकवत पण नाय. म्हणून गोडं पाणी घालते. जगतंय बिचारं त्याच्यावर. मना वाटलं होतं नाय जगणार."

चहा निवून गेला. त्यांनी तो परत गरम करून दिला आणि मी तो प्यायले.

आमचं जाणंयेणं थांबलं नाही. वाटी येत राहिली. माझ्या यजमानांच्या आजारपणात त्या अकरा दिवस आमच्याकडे डबा देत होत्या. पण पत्र लिहून घ्यायला त्या माझ्या ओट्यावर परत आल्या नाहीत. विनताला दोन ओळी कळवायच्या असल्या तर बापू पोस्टमनला अंगणात बसवून लिहून घेत. बापूचं अक्षर गचाळ, मजकूर नेहमी तोच. मी खिडकीतून बघायची. सहा वर्षं बघितलं. लाइनीतल्या बाकी बायका येत होत्या, त्यांची पत्रं मी लिहीत होते, पण आता कुणाला जास्तीचं काही विचारत नसे. सांगेल तेवढंच लिहायची. एखादी म्हणाली, बाई, सासूला लिहा की तब्येत बरी आहे, आणि ती समोर खोकत असली, तरी मी 'तब्येत बरी आहे' लिहायची.

एकोणऐंशीत दिवाकरराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं, दोघं विनताकडे नागपूरला जाणार होते. निघायच्या दिवशी दुपारी टांग्यात सामान चढत असताना अनसूयाबाई माझ्या दाराशी आल्या. हातात तो तेलाचा डबा, त्यात झुडूप. डबा बुडाशी गंजून गेला होता, खालून दुसऱ्या डब्याचा पत्रा बांधला होता.

"हे गाडीत नाय जायचं. तुमच्याकडे ठेवा," त्या म्हणाल्या. डबा ओट्यावर ठेवला आणि स्वतः नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसल्या. "एक पत्र लिहायचंय."

मी कागद आणला. पेनात शाई आहे का ते दोनदा पाहिलं. सहा वर्षांत त्या बऱ्याच थकल्या होत्या, रुंद पावलांवर भेगा पडल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले.

"लिहा. चिरंजीव श्रीरंगास आईचा आशीर्वाद."

मी लिहिलं.

"तू पाठवलीस ती हीच."

मी लिहिलं.

"मी शिजवून खाल्ली. मीठ घालायला नाय लागलं."

तेही लिहिलं. पुढे काही येतं का म्हणून थांबले. "बस," त्या म्हणाल्या, "अजून शोधू नको म्हणावं." ती ओळही मी उतरवली.

सवयीने मी 'पत्ता?' असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. फाटकाबाहेर दिवाकरराव टांग्याशी उभे होते. 

"वाचा," अनसूयाबाई म्हणाल्या.

मी वाचलं. चारच ओळी होत्या. माझी नजर पुढे धावू नये म्हणून मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या मुलासारखं.

त्यांनी डोळे उघडले.

"सगळं वाचलंत?"

"सगळं."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती पोलक्यात ठेवली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, कितीतरी वर्षांनी. टांग्यात चढायच्या आधी मागे वळून डब्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "त्याला थोडं मीठ घालत जा, बाई. गोडं पाणी पिऊन पिऊन विसरलंय ते."